खाली छापलेलं नाव

व्हर्ना हॉल्टिंगला निवडणुकीची पत्रकं खालून वर वाचायची सवय होती. पत्रक कुणी काढलं त्याचं नाव आणि पत्ता तळाला छापायचा असा कायदा आहे, आणि ती ओळ राहिली तर विरोधी पक्षाचा एखादा रिकामटेकडा वकील लगेच तक्रार ठोकतो. म्हणून गेली अठ्ठावीस वर्षं समितीचा कुठलाही कागद हातात आला की ती आधी तळ बघायची. त्या बुधवारी दुपारी पोस्टमन वळणावरून दिसेनासा झाला, ती घरातल्या सपाता घालूनच फाटकाशी गेली, पेटीतून गुळगुळीत कागदाचं मोठं कार्ड काढलं आणि तिथंच उभ्याउभ्या तळ वाचला. वेस्ट हिल्स जीवनहक्क समिती. व्हर्ना हॉल्टिंग, चिटणीस. घर क्रमांक बरोबर, रस्ता बरोबर, पिनकोड बरोबर. सगळं जागच्या जागी आहे असं बघून तिला बरं वाटलं. हे बरं वाटणं तिला पुढं किती दिवस छळणार होतं याची तिला तेव्हा कल्पना नव्हती. मग तिनं नजर वर नेली. वर त्यांच्या भागाची आमदार कॉलीन राडमाखरचा फोटो होता, काळा-करडा, बोलताना अर्धवट उघडलेल्या तोंडाचा. असा फोटो कुणाचाही काढला तरी माणूस चोर दिसतो. फोटोवर लाल अक्षरात लिहिलं होतं, ‘आपली की त्यांची?’ आणि फोटोखाली, ‘बाई, तेहतीस वर्षांपूर्वी चौदा मार्चला सकाळी नऊ वाजता आपण कुठं होतात? मत देण्याआधी विचारा त्यांना.’

बाहेर थंडी होती, पण व्हर्नाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्यानं हात केला, तिनंही केला. त्याच्याही पेटीत हेच कार्ड असणार. टेकडीच्या या बाजूला पक्षाची मतं असलेली अकरा हजार घरं आहेत हे तिला पाठ होतं, कारण ती यादी तिनंच ठेवली होती, मेलेली माणसं खोडून आणि लग्न झालेल्या पोरींची आडनावं बदलून. तिच्या यादीवरून, तिच्या नावानं, अकरा हजार घरांत आज हा प्रश्न गेला होता. आणि त्या दिवशी कॉलीन कुठं होती हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, एक कॉलीन आणि दुसरी ती. तिनं कार्ड विजेच्या बिलाखाली घातलं, जणू म्हाताऱ्याला रस्त्यापलीकडून वाचता येणार होतं, आणि आत आली. स्वयंपाकघरात आल्यावर तिला आठवलं की दोन नव्हे, तीन माणसांना ठाऊक होतं. ती खुर्चीवर बसली. हर्ब, ती मनात म्हणाली. आणि मग त्याहून हळू, तूच सांगितलंस हर्बला.

कॉलीन सतरा वर्षांची असताना कुमारी माता झाली हे तर चर्चच्या सगळ्या पॅरिशला माहीत होतं. कॉलीन स्वतःच ते सभांमधून सांगायची, मुलगा जोएल पुढच्या रांगेत कान लाल करून बसलेला असायचा, आणि लोक रडायचे. गर्भपाताविरुद्ध बोलायला तिच्यासारखी बाई मिळणं म्हणजे समितीला लॉटरी होती. पण कॉलीन सांगायची ती गोष्ट व्हर्नाच्या मागच्या खोलीपासून सुरू व्हायची, पिवळा रंग दिलेल्या खोलीपासून. त्याआधीच्या एका सकाळबद्दल ती कधी बोलली नाही. त्या सकाळी बारीक गारा पडत होत्या. गावातल्या गर्भपाताच्या दवाखान्यासमोरच्या फुटपाथवर व्हर्ना एकटीच जपमाळ घेऊन उभी होती, बाकीच्या पाच बायका अजून यायच्या होत्या, आणि बसमधून एक पोरगी उतरली. शाळेचा चौकटीचा स्कर्ट, वर भावाचा कोट, पायात मोजे नाहीत. पोटऱ्यांवर थंडीनं जांभळे डाग उठले होते. अशा वेळी काय बोलायचं ते व्हर्नाला शिकवलेलं होतं, छापील कागदही हातात होता. पण त्या पोटऱ्या बघून तिच्या तोंडून भलतंच निघालं. ‘तू काही खाल्लंस का?’ पोरगी म्हणाली, ‘आत जायच्या आधी खायचं नाही म्हणाले.’ ‘मग आधी खाऊ, मग ठरव,’ व्हर्ना म्हणाली, आणि तिला गाडीत घालून कोपऱ्यावरच्या चिलीच्या दुकानात घेऊन गेली. सकाळी साडेनऊला स्पॅगेटीवर चिली, म्हणजे खिम्याचा तिखट रस्सा, आणि वर चीजचा डोंगर. पोरीनं दोन प्लेटी खाल्ल्या आणि गाडीत ओकली. नवऱ्याची, अलॉइसची, नवी गाडी होती ती. ओकून झाल्यावर बाहीनं तोंड पुसत ती म्हणाली, ‘मी इथं आले होते हे कुणाला सांगणार नाहीस ना?’ व्हर्ना म्हणाली, ‘नाही.’ एवढंच. शपथबिपथ काही नाही, पण व्हर्नाच्या घरात ‘नाही’ला ‘नाही’ म्हणतात.

हर्ब ट्रेंटमन समितीचा अध्यक्ष होता आणि फरशीचं दुकान चालवायचा. व्हर्ना तासाभरात तिथं पोचली. तो एका तरुण जोडप्याला बाथरूमच्या टाइल्स दाखवत होता. तिला बघून त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि बोटानं आतल्या खोलीकडे खूण केली. त्याला ठाऊक होतं ती येणार म्हणून. तेवढ्यावरूनच तिला कळायला हवं होतं, पण तरी ती वाट बघत बसली, की तो येईल आणि म्हणेल, अगं, छापखान्याचा घोटाळा झाला. चाळीस वर्षांची ओळख. अलॉइस गेला तेव्हा शवपेटीचा एक कोपरा हर्बच्या खांद्यावर होता. दर जानेवारीत तो कॉफी केक घेऊन घरी यायचा, जेवणाच्या टेबलावर फॉर्मांचा गठ्ठा ठेवायचा, आणि म्हणायचा, ‘सह्या करून टाक बाई, म्हणजे वर्षभर मला तुझी टेकडी चढायला नको.’ ती करायची. कोऱ्या कागदांवर, न वाचता, केकचे तुकडे झटकत. बँकेच्या माणसालाही तिनं कधी कोरी सही दिली नव्हती. पण हर्ब म्हणजे काही परका नव्हता, आणि आपल्या माणसाचे कागद वाचायला लागणं हे तिच्या मते पाहुण्याच्या खिशात हात घालण्यासारखं होतं.

‘बस,’ हर्ब आत येऊन म्हणाला.

‘बसलेच आहे.’ तिनं कार्ड त्याच्यासमोर ठेवलं. ‘हे काय आहे?’

‘कोलंबसहून आलं, राज्याच्या मुख्य कचेरीतून. मजकूर त्यांचा, छपाई त्यांची.’

‘आणि नाव माझं.’

‘चिटणीस तू आहेस. कायद्यानं कुणाचं तरी लागतं.’

‘तुझंही चाललं असतं.’

दुकानातून त्या जोडप्याचं बोलणं ऐकू येत होतं. मुलीला हिरवा रंग हवा होता. मग हर्बनं समजुतीच्या सुरात सुरुवात केली. कॉलीननं मागच्या वर्षी त्या देणगीदारांच्या बिलाला मत दिलं, संस्थांना देणग्या कोण देतं त्यांची नावं जाहीर करा म्हणणाऱ्या. देणगीदार उघडे पडले तर समित्या बंद पडतील, समित्या बंद पडल्या तर पोटातल्या पोरांच्या बाजूनं बोलणार कोण? म्हणजे ते मत जीवनाविरुद्धच झालं, कोलंबसनं तसंच मोजलं. ‘बारा वर्षं कोलंबसच्या गुणपत्रिकेत तिला शंभरपैकी शंभर होते,’ व्हर्ना म्हणाली. ‘आता नाहीत,’ हर्ब म्हणाला. कॉलीनविरुद्ध उभ्या राहिलेल्या ग्रँट ऊलमाननं समितीच्या प्रश्नावलीतल्या सगळ्या प्रश्नांना ‘हो’ लिहून दिलं होतं. व्हर्नाला हसू आलं. ऊलमानची मोटारींची चार दुकानं होती, आणि गिऱ्हाईक दारात उभं असताना तो कशालाही ‘हो’ म्हणायचा. ‘त्याला या विषयातलं ओ की ठो कळत नाही, हर्ब. मागच्या खेपेला जेवणाला आला होता तेव्हा मला विचारत होता, आपली बाजू कुठल्या रंगाची रिबीन लावते.’

‘पण तो सांगितलं तिथं मत देईल. सभागृहात आपल्याला एक मत कमी पडतंय. एक. हे मत मिळालं तर किती पोरं वाचतील तूच मोज. आणि दुसऱ्या बाजूला एका बाईच्या मनाला लागणार. एवढाच हिशेब आहे.’

हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. तिनं स्वतः ते फोनवर शेकडो वेळा म्हटलं होतं, कुणी कुरकुरला की. माणूस आवडो न आवडो, पोरं मोजा. त्या वाक्याची दुसरी बाजू कशी लागते हे तिला पहिल्यांदा कळत होतं. ती म्हणाली, ‘तो दिवस तू त्यांना सांगितलास.’

हर्बनं चष्मा खाली ओढला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, हीच तर पंचाईत होती. ‘त्यांनी विचारलं, तिच्याबद्दल काही आहे का. मी म्हणालो, एक आहे. त्यात खोटं काय आहे, व्हर्ना? ती गेली होती की नाही?’

‘मी तुला विश्वासानं सांगितलं होतं.’

‘तुलाही तिनं तसंच सांगितलं असेल,’ हर्ब म्हणाला, आणि हे तो टोमणा म्हणून म्हणाला नाही. त्या जोडप्यानं हाक मारली म्हणून उठला, आणि जाताजाता त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, अलॉइसच्या मयतीत ठेवला होता तसाच.

घरी येताना ती नेहमीचं वळण चुकली आणि पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. केसानं गळा कापला, ती म्हणत होती, केसानं गळा कापला माझा. पण म्हणताना तिला आतून कुणीतरी विचारत होतं, केस कुणाचा होता? सहा वर्षांपूर्वी कॉलीन पहिल्यांदा चांगल्या मताधिक्यानं निवडून आली. त्याआधी ती दोनदा कशीबशी निसटली होती. त्या रात्री हॉलमध्ये स्टेजवर उभी राहून कॉलीननं सगळ्यांचे आभार मानले, प्रचारप्रमुखाचे, नवऱ्याचे, पाद्र्यांचे, मासळी तळणाऱ्यांचेसुद्धा. आणि शेवटी म्हणाली, ‘आणि एका शेजारणीचे, जिनं मला एकदा खोली दिली.’ शेजारीण. व्हर्ना पहिल्या रांगेत नवा निळा कोट घालून बसली होती. खोली दिली म्हणे. जणू भाड्यानं. ती पिवळी खोली व्हर्नानं कुणासाठी रंगवली होती हे कॉलीनला चांगलं ठाऊक होतं. तीनदा दिवस राहिले आणि तीनदा गेले, त्यानंतर ती खोली बंदच होती. पोर झाल्यावर ते व्हर्ना आणि अलॉइसनं दत्तक घ्यायचं असं ठरत आलं होतं. कागद तयार होते. व्हर्नानं नाव शोधून ठेवलं होतं, ते आजपर्यंत तिनं कुणाला सांगितलेलं नाही. मग सप्टेंबरात बाळंतपणाच्या खाटेवर बसून कॉलीन त्या लालबुंद गाठोड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘मी देऊ शकत नाही, व्हर्ना. तू रागावशील का?’ व्हर्ना म्हणाली, ‘वेडी की काय.’ कॉलीन पोराला घेऊन त्याच खोलीत दोन वर्षं राहिली, नर्सिंग शिकली. व्हर्नानं जोएलला चालायला शिकवलं, चमच्यानं खायला शिकवलं, जपमाळेचे मणी मोजायला शिकवले, आणि एका रविवारी दोन सुटकेसा आणि एक पाळणा जिन्यावरून उतरला. ती रागावली नव्हती. आज पाण्याच्या टाकीखाली गाडी उभी करून तिनं स्वतःला पुन्हा तेच सांगितलं. पण त्या विजयाच्या रात्री, घरी सोडताना हर्ब म्हणाला, ‘काय पोरगी निघाली ती,’ आणि व्हर्ना म्हणाली, ‘मला मिळाली तेव्हा कुठं होती ठाऊक आहे तुला?’ आणि सगळं सांगितलं. तारीख, वेळ, मोजे. समितीच्या कामाचं मोठं यश म्हणून सांगतोय असं तिला तेव्हा वाटलं. सांगून झाल्यावर छातीत हलकं वाटलं होतं, तेही तिला आठवलं.

त्या बुधवारपासून फोन वाजू लागला. प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या, आधीचे सहा दिवस तो तसाही वाजायचा. या टेकड्यांवर पक्षाची उमेदवारी ज्याला मिळाली त्याला जागा मिळाली, नोव्हेंबरातली निवडणूक नुसती हजेरी. म्हणून लोक मार्चमध्येच व्हर्नाला विचारायचे, ‘आपला कोण?’ चारशे घरं तर अशी की तिच्या शब्दाशिवाय मतदानाला निघायची नाहीत. ती नाव सांगायची, ते लिहून घ्यायचे, बूथमध्ये जाऊन तेवढंच बटण दाबायचे. तिनं हे कधी सत्ता म्हणून बघितलं नव्हतं, पण मतदानाच्या मंगळवारी सकाळी चर्चच्या पायरीवर उभं राहताना पाठ ताठ व्हायची हे खोटं कशाला बोला. आता ती फोनजवळ बसून होती आणि निरोप नोंदवणाऱ्या मशीनवर आवाज येत होते. व्हर्ना, आपला कोण? व्हर्ना, कार्ड मिळालं, बाई गं, काय ऐकतेय मी. ज्या आवाजाची ती वाट बघत होती तो आला नाही. रागानं का होईना, कॉलीननं फोन करायला हवा होता. शिव्या देत फोन आला असता तर व्हर्नाला बोलायला जागा झाली असती. गुरुवारी तिनं चारदा फोन उचलला. सगळ्या काउंटीत तिच्याएवढे फोन कुणी केले नसतील, अनोळखी माणसाच्या घरी जेवणाच्या वेळेला फोन करून शिव्या खायची तिला सवय होती, आणि एक नंबर फिरवताना तिचं बोट सहाव्या आकड्यावर थांबायचं. काय सांगायचं? मी लिहिलं नाही, एवढं खरं होतं. त्यानंतर कॉलीन विचारणार, मग त्यांना कळलं कसं? सगळी बोलणी तिथं येऊन अडायची. आणि जोएल. बत्तीस वर्षांचा झाला होता तो, घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायचा, दर ऑक्टोबरात येऊन तिची भट्टी साफ करून जायचा आणि पैसे देऊ केले की डोक्यावरची टोपी तिच्या डोक्यावर घालायचा. त्याला काय वाटेल, आपल्या आईनं एकदा सकाळी बस पकडली होती हे कळल्यावर? सभांमधून आई सांगते, मला एका क्षणासाठीही शंका आली नाही. तो पहिल्या रांगेत बसून ते ऐकत आला. कॉलीन हे वाक्य कशी बोलते याचं व्हर्नाला दर वेळी आश्चर्य वाटायचं, आणि दर वेळी तीही टाळ्या वाजवायची.

शुक्रवारी ती पॅरिशच्या हॉलमध्ये मासळीच्या जेवणाला गेली, कारण ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी ती गेली नसती तर लोक घरी आले असते. तळलेल्या मासळीचा वास पार्किंगपर्यंत आला होता. तिचं काम पाईचे, म्हणजे फळं भरून भाजलेल्या गोड पदार्थाचे, तुकडे कापून द्यायचं. तिनं अॅप्रन बांधला आणि चेरीच्या पाईमागे उभी राहिली. हर्ब कढईपाशी होता, जाळी झटकत, घामाघूम. त्यानं मान डोलावली. तिनंही डोलावली, कारण चाळीस वर्षांच्या माना अशा एका दिवसात थांबत नाहीत. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पाईच्या रांगेत मार्लीन स्टेगमन आली, गाण्याच्या गटातली, हातात बिअरचा प्लास्टिकचा ग्लास.

‘बरं झालं बाई, तूच नाव दिलंस खाली,’ मार्लीन वाकून म्हणाली. ‘नाहीतर मी म्हणणार होते, ही निवडणुकीची चिखलफेक आहे. पण तळाला तुझं नाव बघितलं आणि म्हटलं, संपलं, खरं असणार. तू घरात ठेवलेलं तिला. तुझ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार?’

‘चेरी की सफरचंद?’ व्हर्नानं विचारलं.

‘सफरचंद. दवाखान्यातच गेली होती ना गं? मी नाही कुणाला बोलणार.’

व्हर्नानं तिच्या ताटात सफरचंदाचा तुकडा ठेवला, आणि त्यावर चेरीचाही ठेवला. मार्लीनला वाटलं ही खूणच आहे. ती डोळा मिचकावून गेली. तोंड उघडून नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं तर खोटं, हो म्हटलं तर दुसऱ्यांदा विकणं, असं काहीतरी व्हर्नाच्या मनात चाललं होतं, तेवढ्यात हॉलमधला गलका एकदम बसला. दारात कॉलीन उभी होती. दर शुक्रवारी यायची तशी ती आली होती, तोच करडा कोट, केस ओले. ती सरळ रांगेत उभी राहिली. पुढच्यांना अचानक आपली ताटं फार महत्त्वाची वाटू लागली. कुणी तिला वाईट बोललं नाही; तिच्यापुढं आणि मागं हातभर जागा मोकळी राहिली एवढंच. तिनं राय ब्रेडवरची मासळी आणि कोबीची कोशिंबीर डब्यात बांधून घेतली, हर्बला ‘थँक यू’ म्हणाली, आणि डबा काखेत धरून हॉलच्या या टोकाकडे बघितलं. व्हर्नाला बघून तिनं हात वर केला. फार नाही, खांद्यापर्यंत. व्हर्ना पाईकडे बघत होती. सुरी अर्ध्यावर थांबली होती आणि चेरीचा रस पात्यावरून घरंगळत होता, तो ती बघत राहिली. मान वर केली तेव्हा दार हलत होतं. आपण काय केलं हे तिला लगेच कळलं, आणि कळूनही ती अॅप्रन सोडून धावली नाही. पुढचा माणूस म्हणाला, ‘सफरचंद,’ आणि तिनं सफरचंद दिलं.

शनिवारी सकाळी जोएलची व्हॅन फाटकात येऊन उभी राहिली तेव्हा व्हर्नानं रात्रभर जे ठरवलं होतं ते तिच्याजवळ तयार होतं. नाव तर गेलंच होतं. कॉलीन गेली होती, हर्ब गेला होता. मंगळवारी त्या चारशे घरांना काय सांगायचं ते तिला ठाऊक नव्हतं, आणि त्याची आता फारशी फिकीरही वाटत नव्हती. एकच गोष्ट अजून शाबूत होती: त्या पोराला आपल्या आईबद्दल जे वाटतं ते. तेवढं वाचवायचं. एक पोर वाचवायचं, एवढंच तर तिनं आयुष्यभर केलं होतं. जोएलनं पायपुसण्यावर बूट पुसले, उगाच जास्त वेळ पुसले, आणि स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. बसला नाही. जाकिटाच्या खिशातून त्यानं घडी घातलेलं कार्ड काढलं.

‘आँटी, हे खाली तुझं नाव आहे.’

‘हो.’

‘आणि ही तारीख. काय आहे ती?’

‘काही नाही.’ आवाज अगदी साधा निघाला, तिला स्वतःलाच नवल वाटलं. ‘खोटं आहे ते. त्या सकाळी तुझी आई माझ्याबरोबर चिली खात होती. दोन प्लेटी खाल्ल्या तिनं.’

‘मग हे लिहिलं कुणी?’

‘मी,’ व्हर्ना म्हणाली. ‘मीच लिहिलं. नाव आहे ना माझं? त्या देणगीदारांच्या बिलाला तिनं मत दिलं, मला राग आला. निवडणुकीत माणसं लिहितात असलं काहीबाही. तू त्यावर विश्वास ठेवू नकोस. तुझ्या आईला एका क्षणासाठीही शंका आली नव्हती.’

जोएलचे कान लाल झाले होते, सभेत व्हायचे तसे. मग त्यानं खुर्ची ओढली आणि शेवटी बसला, पण जाकीट काढलं नाही.

‘आईनं मला बुधवारीच सांगितलं,’ तो म्हणाला. ‘हे आलं त्याच संध्याकाळी. ती बसमधून उतरली, तू बाहेर होतीस, तू विचारलंस खाल्लंस का म्हणून. गाडीत ओकली तेसुद्धा सांगितलं. मी रात्रभर व्हॅनमध्ये बसून होतो. मला जे वाटायचं ते वाटतंय, ते माझं मी बघेन.’ त्यानं कार्डाची घडी बोटानं सपाट केली. ‘पण ती म्हणत होती, हे व्हर्नानं लिहिलेलं नाही. तिचं नाव वापरलंय त्यांनी. माझी मान कापून देईन म्हणाली. काल हॉलमध्ये तू वर बघितलं नाहीस, तर मला म्हणते, बिचारी लाजेनं मेली असेल, माझ्यासमोर उभी कशी राहणार. तू जा आणि तिला जेवायला घेऊन ये. म्हणून आलो मी.’

व्हर्नानं टेबलाची कड धरली. ‘मी नाही लिहिलं, जोएल.’

‘आत्ता म्हणालीस ना?’

‘ते तुझ्यासाठी म्हणाले. तुला कळू नये म्हणून. कोलंबसच्या लोकांनी लिहिलंय.’

‘बरं,’ तो म्हणाला. त्याला विश्वास ठेवायचा होता, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तेच तिला सोसवेना. ‘बरं. मग त्यांना ती तारीख कुणी सांगितली? तुम्हा दोघींनाच ठाऊक होती.’

हर्बचं नाव तिच्या जिभेवर होतं. हर्बनं सांगितलं. ते खरं होतं, आणि मग एकच पायरी उरत होती. ती पायरी उतरायला तिला किती वेळ लागला कुणास ठाऊक. बाहेरून एक बस गेली, फोन वाजला आणि मशीननं उचलला, आणि कुणीतरी म्हातारी विचारू लागली, व्हर्ना, आपला कोण ते सांग बाई, मी पेन्सिल घेऊन बसलेय.

‘मी,’ व्हर्ना म्हणाली. ‘हर्बला. ती निवडून आली त्या रात्री. तिनं स्टेजवरून मला शेजारीण म्हटलं म्हणून.’

जोएलनं मान हलवली, हळूच, जणू भट्टीत नेमकं काय बिघडलंय ते सापडलं. तो उठला आणि त्यानं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. दारापर्यंत गेला. मग वळला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, अडचण होती. निरोप घेऊन पाठवलेल्या आणि उत्तर न मिळालेल्या माणसाची असते तेवढीच.

‘ती जेवणाचं टेबल मांडून बसली आहे,’ तो म्हणाला. ‘तिला काय सांगू?’

तो दाराची मूठ धरून उत्तरासाठी थांबला.